तक्त्यातली शेवटची ओळ

४ फेब्रुवारी
दुकानातून, दुपार

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते उघडलं नसतंस, म्हणून पत्ता हिच्याकडून लिहून घेतला. एक लबाडी इथेच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

फोन तू उचलत नाहीस. बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी टपोरीच्या कॉलेजच्या अर्जावर, तुला न विचारता, पालक म्हणून मी सही केली आणि तुझी एकुलती एक लेक तुझ्यापासून आणि माझ्यापासूनही दूर वसतिगृहात गेली. तू म्हणालीस, "तिचं काही बरंवाईट झालं तर मला तोंड दाखवू नकोस." मी तोंड दाखवत नाहीये. एकच काम आहे. टपोरीच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला हवा. या आठवड्यात.

काल एक शिक्षिका दुकानात आल्या. पंचविशीच्या असतील. त्यांनाही टपोरीसारखीच लहानपणापासून साखर, रोजची इन्सुलिनची सुई. डोळ्यांवर लेझर झालं होतं म्हणून काळा चष्मा हवा होता. मी सवयीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोरचा तक्ता वाचायला लावला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला त्यांनी. मी म्हटलं, "बाई, नजर तर खणखणीत आहे तुमची." त्या हसल्या नाहीत. पिशवीतून डोळ्याच्या आतला फोटो काढून काउंटरवर ठेवला. नारिंगी गोळा, आणि त्यावर मुंग्या चावल्यासारखे लाल ठिपके.

"हा काढला त्या दिवशीही मी शेवटची ओळ वाचली होती," त्या म्हणाल्या. "पडदा बोंब मारत नाही हो. गुपचूप सडतो."

त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि माझ्या रोजनिश्या काढल्या. तुझ्या भाषेत, ढापण्याच्या चोपड्या. टपोरी नऊ वर्षांची असताना साखर निघाली. ती बारा वर्षांची झाल्यापासून दर वर्षी एक नोंद आहे: "टपोरीचे डोळे तपासले. सामान्य." एका वर्षी जरा जास्त लिहिलंय: "शेवटची ओळ धडाधड म्हटली. हसलो." का हसलो ते लिहिलेलं नाही.

मी तिच्या चष्म्याचा नंबर काढत आलो, ताई. पडदा मी कधीच बघितलेला नाही, मला तो बघता येतही नाही. त्याला थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते, आतला फोटो काढावा लागतो, आणि तो वाचायला डॉक्टर लागतो. भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं म्हणून भिंतीत ओल नाही असं होत नाही. आपल्या घरात दोन्हीला एकच शब्द वापरला गेला, "डोळे तपासले", आणि त्यातून गैरसमज झाला.

टपोरीला फोन केला होता. म्हणाली, "मामा, झालंय की ते. कागद आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, "तरी पुन्हा करून घे."

"थेंब घातले की दिवसभर वाचता येत नाही. परीक्षा आहे. तू काय आईसारखा चालू झालास?"

माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल. सांग तिला.

तुझा
ढापण्या


१५ फेब्रुवारी
दुकानातून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चार ओळी आहेत, त्या मला पाठ झाल्या: "तिची तपासणी दर वर्षी झालेली आहे. सगळे कागद माझ्याकडे फाइलला आहेत. पडदे सामान्य असं स्पष्ट लिहिलंय. पोरीला परीक्षेच्या तोंडावर घाबरवू नकोस."

ताई, ते कागद माझे आहेत. त्यांच्यावरचा शिक्का माझ्या दुकानाचा आहे. तू माझ्या शिक्क्यावर विश्वास ठेवून माझं पत्र खोटं ठरवलंस. हसावं की रडावं कळेना. ही म्हणाली, "चोराने स्वतःच्या नावाने ओरडायचं आणि लोकांनी म्हणायचं, छे, तो चोर नाहीच."

मागच्या पत्रात मी "गैरसमज झाला" असं लिहिलं. हे वाक्य कर्त्याशिवायचं आहे. पाऊस पडला, दिवे गेले, गैरसमज झाला. रात्रभर ते मला टोचत राहिलं. गैरसमज तुझा झाला. माझा नाही झाला.

आठवतं का, ती बारा वर्षांची असताना साखरेच्या दवाखान्यातून पहिल्यांदा ते वार्षिक कार्ड मिळालं. तीन चौकोन होते: पाय, लघवी, डोळ्यांचा पडदा. मोठ्या रुग्णालयात तू तिला घेऊन गेलीस, थेंब घातल्यावर तिने आकाशपाताळ एक केलं, दुसऱ्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता, फोटो न काढताच तुम्ही परत आलात. भावोजी जाऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. तुला ऑफिसातून आणखी एक रजा मिळणार नव्हती. तू दुकानात आलीस, कार्ड माझ्यापुढे टाकलंस आणि म्हणालीस, "घरचा डॉक्टर असताना मी कशाला बाहेर रांगा लावू? तूच बघ आणि लिहून दे."

मी कार्ड वाचलं. "पडदा" हा शब्द मी वाचला, ताई. मला त्याचा अर्थ माहीत होता. डिप्लोमाला आम्हाला एक अख्खं प्रकरण होतं त्यावर.

मग मी का बोललो नाही? गेले दहा दिवस हेच स्वतःला विचारतोय. एक उत्तर सोपं आहे: तू दमलेली होतीस. दुसरं कमी सोपं आहे. मेडिकलचा प्रवेश माझा चार मार्कांनी हुकला, आणि त्यानंतर मला डॉक्टर म्हणणारी जगात तू एकटी उरलीस. चेष्टेने सुरू केलंस, पण दुकानात, शेजाऱ्यांत, टपोरीच्या शाळेत, सगळीकडे "आमचा डॉक्टर भाऊ". ही नेहमी म्हणते, "तुम्हाला कुणी डॉक्टर म्हटलं की तुम्ही उन्हातल्या मेणासारखे." तू मला ढापण्या हे नाव चष्म्यावरून ठेवलं होतंस. मी ते दुसऱ्या अर्थानेही सार्थ केलं. पदवी ढापली.

मी तिला खुर्चीत बसवलं. बॅटरीचा उजेड दोन्ही डोळ्यांत टाकला. तक्ता वाचून घेतला. कार्डावर लिहिलं: "दोन्ही पडदे सामान्य." शिक्का मारला. तू मला चहा पाजलास.

आता तरी तिला सांगशील ना?

ढापण्या


२३ फेब्रुवारी
दुकानातून, सकाळी उघडल्याबरोबर

ताई,

काल टपोरीचा फोन आला. आपणहून. मला वाटलं, तू बोललीस तिच्याशी. तर म्हणाली, "मामा, तू मागच्या वेळी बसवलेली काच बेकार निघाली. डावीकडे चरा पडलाय. दुसरी पाठव."

"कसला चरा?"

"केसासारखा. वाचताना मधे मधे येतो. आणि मी बघायला गेले की पळतो."

"चष्मा काढलास तरी दिसतो का?"

ती थोडी थांबली. काढून बघत असावी.

"अरेच्चा," ती म्हणाली. "हो की."

ताई, काचेवरचा चरा पळत नाही.

तिला कसं सांगू तेच कळेना. तिने सांगितलं की तू तिला फोनवर विचारलं होतंस आणि तिने उत्तर दिलं, मामा उगाच हातपाय गाळतोय, कागद आहेत. तू गप्प बसलीस. म्हणजे दुसरं पत्र तुला अजून मिळालेलं नसणार, किंवा मिळूनही तू ते उघडलेलं नसणार. दोन्ही पत्रं मी साध्या टपालाने टाकली. कुरियरचं ऑफिस दुकानापासून चार पावलांवर आहे. साध्या टपालाने का टाकली? उशिरा पोचावीत अशी माझी इच्छा होती का? मला खरंच सांगता येत नाही. पण विचारायला हवं म्हणून विचारतो.

आणखी एक राहिलंय. मागच्या पत्रात बॅटरीचा उजेड टाकल्याचं लिहिलं. पहिल्या वर्षी टाकला होता. पुढे तेही नाही. आणि ती वसतिगृहात गेल्यापासूनचे दोन कागद मी तिला समोर न बघता लिहिले. ती फोनवर म्हणाली, "मामा, इथल्या दवाखान्यात कार्ड मागतायत," आणि मी या काउंटरवर बसून, चहा पिता पिता, "दोन्ही पडदे सामान्य" लिहिलं आणि टपालात टाकलं. तिथे साखर असलेल्या सगळ्या पोरांचे पडद्याचे फोटो काढतात. वर्षातून एकदा रांगेने बसवतात. टपोरीने माझा कागद दाखवला आणि तिचं नाव यादीतून काढलं. दोनदा. माझा कागद नसता तर तिचा फोटो कधीच निघाला असता. मी काही केलं नाही असं म्हणून मला सुटता येत नाही. मी तिला हाताला धरून रांगेतून बाहेर काढलं.

काल दिवसभर मी गिऱ्हाइकांना नीट चष्मे दिले की नाही ठाऊक नाही. एका आजोबांना त्यांच्या बायकोचा दिला. ते म्हणाले, "आज जग फार गोड दिसतंय हो." मी हसलो आणि मग मागच्या खोलीत जाऊन, काचा घासायचं मशीन चालू करून, रडलो. मशीनमुळे आवाज बाहेर जात नाही.

तू तिला सांगावंस अशी मी आधीच्या दोन्ही पत्रांत विनवणी केली, असं आता वाचताना दिसतं. म्हणजे सांगायचं काम मी तुझ्यावर टाकत होतो. नको. तू सांगू नकोस. दहाच्या गाडीने मी निघतोय. परवा सकाळी पोचेन. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून वेळ घेतली आहे. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "साखर किती वर्षं?" मी म्हटलं, "दहा." "शेवटचा फोटो कधी?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "नाही म्हणजे?"

ढापण्या


२६ फेब्रुवारी
डोळ्यांचा दवाखाना, बाकावर

ताई,

हे कुरियरने पाठवतोय. परवा तुझ्या हातात पडेल. आधी निकाल सांगतो, मग बाकीचं.

उजव्या डोळ्याच्या पडद्यावर ठिपके आहेत, त्या शिक्षिकेच्या फोटोत होते तसे. डाव्याचं जास्त आहे. तिथे नको त्या जागी नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत आणि त्यातली एक थोडी फुटली आहे. तोच तो चरा. लेझर करावं लागणार. पहिली बैठक ३ मार्चला सकाळी अकरा वाजता, पुढे आणखी तीन-चार. तोवर तिने जड उचलायचं नाही, धावायचं नाही, आणि एकदम काळोखी आली तर तडक इथे यायचं. मी डॉक्टर बाईंना विचारलं, "नजर वाचेल ना?" त्या म्हणाल्या, "आहे ती टिकवायची धडपड करतोय. खात्री मागू नका."

आता बाकीचं.

थेंब घालताना टपोरीने माझा हात धरला होता. एकोणीस वर्षांची झाली तरी थेंबाला घाबरते. बाहुल्या पसरल्यावर तिचे ते टपोरे डोळे नुसते काळे झाले, बटणांसारखे. म्हणाली, "मामा, तुझं तोंड पुसून टाकल्यासारखं दिसतंय. बरंय, आधीपेक्षा बरा दिसतोस."

फोटो झाल्यावर आम्ही बाईंसमोर बसलो. त्यांच्यापुढे टपोरीची फाइल होती. सगळ्यात वर माझा कागद.

"दोन्ही पडदे सामान्य," बाईंनी मोठ्याने वाचलं. "आठ महिन्यांपूर्वीचं आहे हे. कोण हे डॉक्टर?"

"घरचे आहेत," टपोरी म्हणाली. ऐटीत म्हणाली, ताई. तुझ्याच आवाजात.

"त्यांना फोन लावा जरा. मला बोलायचंय."

"लावायला नको," मी म्हटलं. "मीच तो. आणि मी डॉक्टर नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. मी पडदा बघितला नव्हता."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद फाइलमधून काढला, उलटा केला आणि माझ्याकडे सरकवला. पोरीकडे बघून म्हणाल्या, "तू बाहेर बस, बाळ. तारीख देते."

बाहेर या बाकावर आम्ही दोघं येऊन बसलो. मग तिने विचारलं, "आईला माहीत आहे?"

"लिहिलंय मी तिला. तीन पत्रं."

"काय लिहिलंस?"

मी वही पुढे केली. पत्रं मी आधी रोजनिशीत उतरवतो, मग कागदावर. तिने वही नाकाजवळ धरली, लांब धरली, आणि माझ्याकडे परत टाकली. "काही दिसत नाहीये मला. तूच वाच."

थेंबाचा असर चार-पाच तास राहतो. मी हे धंद्यात रोज लोकांना सांगतो. पण ती वाचू शकणार नाही आणि मला माझ्याच तोंडाने वाचावं लागेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुला लिहिणं सोपं होतं. तू दोन दिवसांच्या अंतरावर होतीस.

मी वाचलं. चार मार्क, मेण, चहा, बॅटरी, सगळं. "उशिरा पोचावीत अशी माझी इच्छा होती का" इथे मी वही मिटायला गेलो. ती म्हणाली, "पुढे." शेजारच्या बाकावर एक बाई कान देऊन ऐकत होत्या. मी थांबलो नाही. संपल्यावर वही मिटली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"नाही झालं. एक राहिलं."

मला कळलं ती काय म्हणणार. तीन आठवडे मी त्याच्या भोवती फिरत होतो. पहिल्या पत्रात तुला लिहिलंसुद्धा, की एका वर्षी का हसलो ते नोंदवलेलं नाही. नोंदवलेलं नव्हतं. पण ठाऊक होतं.

तुला माहीत आहे, लहानपणी ती शाळेतून थेट दुकानात यायची आणि तक्त्यासमोर बसून अभ्यास करायची. शेवटची ओळ तिला गाण्यासारखी पाठ होती. न ग म र ल ट. ती सोळा वर्षांची झाली त्या वर्षी मी तक्ता बदलला. नवीन तक्त्याची शेवटची ओळ होती प ध स क व ह. ती खुर्चीत बसली, मी म्हटलं, "वाच," आणि तिने धडाधड म्हटलं: न ग म र ल ट.

"त्या वर्षी तक्ता नवा होता ना?" टपोरी म्हणाली. "मला नंतर कळलं. मी जुनाच म्हटला. तुला कळलं नाही तेव्हा?"

मी म्हटलं, "कळलं."

"मग?"

"वाटलं, लबाड आहेस. माझ्यासारखी. म्हणून हसलो. आणि सामान्य लिहिलं."

ती माझ्या दिशेला बघत राहिली. माझ्याकडे नाही म्हणता येणार, माझं तोंड तिला दिसतच नव्हतं. मग म्हणाली, "मला वाटायचं मी तुला फसवलंय. तीन वर्षं मला तेच खात होतं."

"मार मला," असं मी तिला म्हणणार होतो. ती म्हणाली, "नाटकं नकोत. पेन दे."

"तुला दिसत नाहीये."

"दे म्हणते ना."

पुढचं तिने लिहिलंय. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत आणि एक शब्द माझ्या अक्षरावरच आलाय. मी काही दुरुस्त केलेलं नाही.


आई मी टपोरी

रेघ दिसत नाही वाकडं येईल

सोळाव्या वर्षापासून मधेच धुरकट दिसायचं साखर चढली की. उतरली की जायचं. म्हणून बोलले नाही. तुला सांगितलं असतं तर तू माझं जेवण पुन्हा काट्यावर मोजलं असतंस आणि कॉलेज बंद. मामाने मला वाचवलं असं वाटायचं. तू त्याला डॉक्टर म्हणायचीस मी पण म्हणायचे. आपण तिघांनी मिळून केलं हे

मी खूप घाबरलेय. मामाला सांगितलं नाही तो आधीच मेल्यासारखा बसलाय

फोनवर सांगितलं असतं पण तू ओरडशील मी रडेन आणि मुद्दा राहील

३ तारीख ११ वाजता

मामाशी नको बोलूस हवं तर. पण ये